पाचशे चोवीस पाककृतींचे एक वर्ष

पाककृतींचे पुस्तक हा घरातील सर्वांत अधिक हाताळला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा ग्रंथ असावा. त्याच्या काही पानांवर तेलाचे व हळदीचे डाग पडलेले असतात, काही पाने शिवणीतून सुटून बाहेर डोकावत असतात. उरलेली पाने मात्र पुस्तक विकत आणले त्या दिवसाइतकीच कोरी असतात. डागाळलेल्या पानांवरून त्या घराच्या आवडीनिवडी कळतात. कोऱ्या पानांचे काय, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तो प्रश्न पडलेल्या एका अमेरिकन स्त्रीने एक जाडजूड पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कृती न वगळता, एका वर्षात रांधून काढण्याचा निश्चय केला आणि तो तडीस नेला. ज्यूली पॉवेल हे तिचे नाव. तिने लिहिलेले ‘ज्यूली अँड ज्यूलिया’ हे आत्मकथन २००५ साली प्रसिद्ध झाले आणि २००९ साली त्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला.

या पुस्तकाकडे एका गमतीदार छंदाची हकीकत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तसे ते आहेही. परंतु कोणतीही विद्या माणसाच्या अंगी कशी मुरते, हा जुना आणि गंभीर प्रश्न त्याच्या तळाशी आहे. पुस्तक पुरे करणे म्हणजे विद्या पुरी होणे नव्हे, हे आपण सारेच जाणतो. तरीही पुस्तक पुरे करण्याच्या हट्टाला स्वतःचे असे काही मोल आहे काय, याचा शोध मला येथे घ्यावयाचा आहे.

त्यासाठी आधी मूळ ग्रंथाची ओळख करून घेतली पाहिजे. ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६१ साली न्यू यॉर्कच्या नॉफ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. ज्यूलिया चाइल्ड ही अमेरिकन आणि सिमोन बेक व लुइझेत बेर्तोल या फ्रेंच, अशा तिघी त्याच्या लेखिका. चाइल्डबाईंचा जन्म १९१२ चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हेरखात्याच्या कचेरीत काम करीत असताना श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, त्यांची पॉल चाइल्ड यांच्याशी ओळख झाली. विवाहानंतर, १९४८ च्या अखेरीस, पतीच्या सरकारी नोकरीनिमित्त त्या फ्रान्सला गेल्या. त्या वेळी त्यांना स्वयंपाक जवळजवळ येत नव्हता. पॅरिसच्या ‘कॉर्दों ब्लू’ या पाकशाळेत नाव घातले तेव्हा त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते. घरी नोकरचाकर नसलेल्या अमेरिकन गृहिणीला खरा फ्रेंच स्वयंपाक करता यावा, असे पुस्तक लिहिण्याचा त्यांचा संकल्प पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. मधल्या काळात ज्या प्रकाशकाशी करार झाला होता त्याने हस्तलिखित फार मोठे व फार अवघड म्हणून नाकारले. अखेर नॉफमधील ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेने ते घरी नेले, त्यातील पदार्थ स्वतः करून पाहिले आणि मगच त्याचा कैवार घेतला.

या दहा वर्षांत चाइल्डबाईंनी काय केले? तेच तेच पुन्हा केले. ‘माय लाइफ इन फ्रान्स’ या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात त्या सांगतात, की अंड्याचा बलक व तेल घोटून केलेले मेयोनेज कधी साधते आणि कधी फुटते, याचा छडा लावण्यासाठी त्यांनी ते इतक्या वेळा केले, की पतिपत्नी दोघांनाही ते खाववेना आणि शेवटी नाइलाजाने ते शौचकूपात ओतावे लागू लागले. १९७० च्या दुसऱ्या खंडासाठी घरच्या भट्टीत फ्रेंच पाव साधावा म्हणून त्यांनी व पॉल यांनी सुमारे २८४ पौंड पीठ खर्ची घातले. फ्रान्सचे पीठ वेगळे, अमेरिकेचे वेगळे. तिकडची मासळी इकडे मिळत नाही. मग वाचकाच्या घरी पदार्थ बिघडू नये म्हणून लेखिकेच्या घरी तो कितीदा बिघडला पाहिजे, याचा हिशेब या मंडळींनी ठेवला नाही.

ग्रंथाची रचनाही या परिश्रमाला साजेशी आहे. प्रत्येक पानाचे दोन स्तंभ पाडलेले आहेत. डावीकडे जिन्नस व भांडी, उजवीकडे कृती. आणि ज्या टप्प्यावर जो जिन्नस लागावयाचा त्या टप्प्यासमोरच तो छापलेला. कृतीबरोबर कारणही दिलेले असते. गोमांसाचे तुकडे तांबड्या वाइनमध्ये मंद आचेवर शिजवून केला जाणारा ‘बफ बुर्गिन्याँ’ हा पदार्थ घ्या. मांस परतण्यापूर्वी ते पुसून कोरडे करावे, असे तेथे सांगितले आहे. कारण ओल्या मांसाला तांबूस रंग चढत नाही. पाणी आटेपर्यंत भांड्यातील उष्णता उकळत्या पाण्याच्या पलीकडे जात नाही आणि मांस भाजले न जाता नुसते वाफवले जाते. हे एक कारण ज्याला समजले, त्याला जगातले कोणतेही मांस परतता येईल. शिवाय एक मूळ कृती आणि मग तिची रूपे, अशी या ग्रंथाची मांडणी आहे. बटाटा आणि लीक, म्हणजे पातीच्या कांद्याच्या जातीची एक भाजी, पाण्यात उकडून घोटले की ‘पोताज पार्मेंतिए’ हे साधे सूप होते. त्यातच एक विशिष्ट पालेभाजी घातली की दुसरे सूप होते. साय घालून गार केले की तिसरे. मोजणाऱ्याच्या लेखी येथे तीन कृती झाल्या. शिकणाऱ्याच्या लेखी मात्र विद्या एकच आहे. हा भेद आपण ध्यानात ठेवू या; पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता पॉवेलबाईंकडे वळू. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हा उपक्रम सुरू केला तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. टेक्ससमधून न्यू यॉर्कला आलेल्या, नाट्यलेखनाची व अभिनयाची स्वप्ने मागे पडलेल्या, क्वीन्स विभागातील एका अडचणीच्या बिऱ्हाडात पतीसह राहणाऱ्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या परिसराच्या पुनर्रचनेसाठी जे सरकारी मंडळ स्थापन झाले होते, त्याच्या कचेरीत त्या चिटणीस होत्या. ज्यांची माणसे त्या ढिगाऱ्याखाली गेली त्यांचे दूरध्वनी त्यांच्या टेबलावर येत. कोणी रडत असे, कोणी संतापत असे; आणि पलीकडे बसलेल्या या बाईंच्या हाती देण्यासारखे काहीच नसे. संध्याकाळी त्या बाजारहाट करून घरी येत आणि चूल पेटवीत. जेवण व्हायला रात्रीचे दहा वाजत. आईच्या घरून आणलेल्या चाइल्डबाईंच्या पुस्तकातील ५२४ कृती ३६५ दिवसांत करावयाच्या आणि त्याची रोजनिशी संगणकाच्या महाजालावर सर्वांसाठी लिहावयाची, असा त्यांचा नेम होता.

मला या पुस्तकातील सर्वांत सच्चा भाग हाच वाटतो. दिवसभर ज्या दुःखाचे काहीही करता येत नाही ते ऐकत बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी असे काही काम हवे असते, की ज्याला सुरुवात आहे, मध्य आहे आणि शेवट आहे. सांगितल्याप्रमाणे ढवळले तर रस दाट होतो. न झाला तर का झाला नाही ते पानावर लिहिलेले असते. दुःखाच्या बाबतीत असे कोणतेही पान नाही. या स्त्रीने पाकशास्त्राचा ग्रंथ का उचलला, याचे उत्तर लेखिका कोठेही तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, आणि ते बरेच झाले; प्रसंगांमधून ते वाचकाला आपसूक उमगते.

निवेदनाची शैली प्रांजळ, चटपटीत आणि विनोदी आहे. वासराचे खूर उकळून त्याच्या चिकट रसात अंडी थिजवण्याचा पदार्थ करताना घरभर सुटलेली दुर्गंधी, हाडाच्या नळीतून मगज काढतानाची झटापट, जिवंत शेवंड मारण्याची वेळ आल्यावर उडालेली गाळण, हे सारे त्या हातचे न राखता सांगतात. आपण चिडलो, भांडे आपटले, पतीवर खेकसलो, हेही लपवीत नाहीत. भाषा मात्र पुष्कळ ठिकाणी शिवराळ आहे आणि काही मजकूर कुटुंबात मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा नाही. हा दोष मी लहान मानीत नाही. शिवी ही रागाची सर्वांत सोपी वाट असते आणि सोपी वाट धरली की लेखकाची निरीक्षणशक्ती तेवढ्यापुरती झोपी जाते. जेथे पॉवेलबाई शिवी न देता नुसते काय घडले ते सांगतात, तेथे त्या अधिक हसवतात आणि अधिक हलवतात.

स्वतः चाइल्डबाईंना हा उपक्रम रुचला नव्हता. त्या वेळी त्यांनी नव्वदी गाठली होती. त्यांच्या संपादिका ज्युडिथ जोन्स यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की या उद्योगात स्वयंपाकावरील प्रेमापेक्षा लक्ष वेधून घेण्याची धडपड अधिक आहे, असे ज्यूलियाबाईंना वाटले. अपशब्दांची पखरणही त्यांना आवडली नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्या वारल्या. दोघींची भेट कधी झालीच नाही. अनेक समीक्षकांनी यावर एका वाक्यात निकाल दिला आहे: काहींनी ज्यूलियाबाईंना कठोर ठरवले, तर काहींनी ज्यूलीला उथळ. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात.

ज्यूलियाबाईंच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे आणि ती साध्या अंकगणिताची आहे. ३६५ दिवसांत ५२४ कृती म्हणजे दिवसाला सरासरी जवळजवळ दीड कृती झाली. या वेगात कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा करण्यास सवड राहत नाही. आणि स्वयंपाक तर दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, पन्नासाव्यांदा करूनच येतो. आपल्या घरी भाकरी थापणारी मुलगी पहिल्या दिवशी नकाशा थापते. भाकरी गोल होते ती केव्हा तरी, मोजदाद सुटल्यानंतर. ज्या ग्रंथाच्या लेखिकेने मेयोनेज शौचकूपात ओतण्याची पाळी येईपर्यंत घोटले, त्या ग्रंथातील मेयोनेजसमोर एकदा खूण करून पुढे जाणे म्हणजे ग्रंथाच्या अक्षराला जागून त्याच्या गाभ्याला मुकणे होय. मूळ कृती आणि तिची रूपे यांना एकाच मोलाचे आकडे देऊन यादी केली की त्यांतील आई-लेकीचे नाते पुसले जाते आणि यादी तेवढी उरते. आजच्या काळात हा मोह पॉवेलबाईंपुरता राहिलेला नाही. वर्षभरात इतकी पुस्तके वाचीन, इतके गड पाहीन, इतके मैल चालेन, असे आकड्यांचे नेम आपण सारेच करतो. आणि आकडा भरला, की जे केले त्याचे पुढे काय झाले हे विचारायचे राहून जाते.

असे असले तरी संपूर्ण पुस्तक रांधण्यात एक गोष्ट अशी आहे, की जी आवडीचे तेवढे निवडून रांधणाऱ्याला कधी मिळत नाही. निवड करणारा माणूस पुस्तकात स्वतःलाच शोधीत असतो. त्याला बटाटा आवडतो म्हणून तो बटाट्याचे पान उघडतो. सबंध पुस्तकाला बांधून घेणाऱ्याला मात्र ती मुभा नसते. त्याला खुरांचा रस थिजवावा लागतो, मगज काढावा लागतो, आपण होऊन ज्याच्या वाटेला गेलो नसतो त्या पदार्थापुढे तासन्‌तास उभे राहावे लागते. तेथे त्याची रुची बाजूला राहते आणि दुसऱ्याच्या अनुभवापुढे तो नम्र होतो. आत्मकथनातील थिजवलेल्या पदार्थांची प्रकरणे मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. ते पदार्थ लेखिकेला आवडले नाहीत, तिच्या पाहुण्यांनाही आवडले नाहीत. पण एका परक्या संस्कृतीने वाया जाणाऱ्या हाडाखुरांचेही किती सायासाने अन्न केले, हे त्या रांधल्याखेरीज तिला कळले नसते. ज्यूलियाबाईंना हा उपक्रम पोरखेळ वाटला. पण वाचकाच्या घरात जी पाने कायमची कोरी राहण्यासाठीच छापली जातात, त्या पानांचा मान राखणारी एक तरी वाचक त्यांना लाभली होती.

आणि चित्रपट? नोरा एफ्रॉन यांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात पॉवेलबाईंचे वर्ष आणि चाइल्डबाईंची फ्रान्समधील वर्षे अशा दोन कथा आलटून पालटून येतात. मेरिल स्ट्रीप यांनी उभी केलेली ज्यूलिया इतकी जिवंत आहे, की एमी अॅडम्स यांची ज्यूली तिच्यापुढे फिकी पडते. दोष अभिनेत्रीचा नाही. पटकथेने ज्यूलीची शिवराळ, अस्वस्थ, कडवट बाजू घासून गुळगुळीत केली आणि त्याबरोबर तिचे दुःखही गुळगुळीत झाले. तरीही एक प्रसंग चित्रपटाने उत्तम साधला आहे. ज्युडिथ जोन्स जेवायला येणार म्हणून ज्यूली रात्री ‘बफ बुर्गिन्याँ’ चुलीवर ठेवते, तिला झोप लागते आणि तो करपतो. दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता तो पुन्हा रांधते. एवढे करून पावसामुळे पाहुणीचे येणे रद्द होते. वर्षभराच्या धावपळीत एकच पदार्थ पुन्हा करण्याची ही वेळ आकड्यासाठी आलेली नाही, दुसऱ्या माणसासाठी आलेली आहे. पाहुणी येत नाही, टाळ्या मिळत नाहीत. उरतो तो नीट शिजलेला पदार्थ आणि समोर बसलेला पती. माझ्या मते संपूर्ण चित्रपटात ज्यूली ज्यूलियाच्या सर्वांत जवळ येते ती येथे. शेवटी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जतन केलेल्या ज्यूलियाच्या स्वयंपाकघरापाशी ती लोण्याचे एक पाकीट ठेवते, त्या गोड दृश्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी खोल आहे.

मराठी वाचकाला या साऱ्या हकिकतीत परके वाटण्याचे कारण नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले तेव्हा तेही अशाच एका पोकळीत आले होते. शहरात दोन खोल्यांचा संसार थाटलेल्या, चुलीशी उभी राहून सांगणारी सासू वा आई जवळ नसलेल्या तरुण स्त्रीला त्यांनी वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक सांगितला. ‘अंदाजाने मीठ’ या शब्दांनी नवशिक्याच्या डोळ्यांत जे पाणी येते ते त्यांनी जाणले होते. चाइल्डबाई आणि ओगलेबाई यांचे देश, अन्न, भाषा सारे निराळे. परंतु जे ज्ञान हातातून हातात जात होते ते कागदावर उतरवून अनोळखी माणसाच्या हाती विश्वासाने सोपवावे, ही तळमळ एकच आहे. आपल्या घरातील ‘रुचिरा’ची कोरी पाने कोणती आहेत, हे कधी तरी पाहावे. ती सारी रांधलीच पाहिजेत असे नाही. पण आपण काय काय न चाखताच नाकारून बसलो आहोत, ते त्यावरून कळेल.

पॉवेलबाईंचे पुढचे आयुष्य सांगितल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. पहिल्या पुस्तकाने त्यांना कीर्ती दिली, कचेरीतून मुक्त केले, लेखिका हे नाव दिले. त्यांचे दुसरे व शेवटचे पुस्तक ‘क्लीव्हिंग’ २००९ च्या अखेरीस आले. खाटकाच्या दुकानात मांस कापण्याची विद्या शिकणे आणि त्याच काळात स्वतःच्या विवाहाला स्वतःच्या हाताने दिलेले घाव, असे त्याचे दोन विषय आहेत. ‘क्लीव्ह’ या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध आहेत: चिरून वेगळे करणे आणि घट्ट बिलगून राहणे. त्या नावातच लेखिकेची सारी ओढाताण आली आहे. ज्या पतीने रात्री दहा वाजता विनातक्रार ते सारे पदार्थ खाल्ले, त्याच्याशी केलेली प्रतारणा त्या तेथे कबूल करतात. पहिल्या पुस्तकावर प्रेम करणाऱ्या अनेकांना ते वाचून धक्का बसला. मला मात्र त्यात एक सुसंगती दिसते. ५२४ वी खूण झाली, यश आले, परंतु ज्या अस्वस्थतेने तो ग्रंथ हाती घ्यायला लावला होता ती यादी संपल्यावरही तशीच राहिली होती. २०२२ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून त्या गेल्या.

त्यांच्याकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. एका वर्षाच्या नेमाने जीवन सावरता येते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्यांच्या दोन पुस्तकांनी मिळून दिले आहे. नेम माणसाला एक वर्ष उभा ठेवतो, आणि ही काही थोडी गोष्ट नाही; ज्याने दिवसभर इतरांचे रडणे ऐकले आहे त्याला संध्याकाळी उभे राहता येणे हे मोठे देणे आहे. पण पुढची वर्षे उभी राहायची असतील तर पुस्तक पुरे झाल्यावर पुन्हा पहिल्या पानावर यावे लागते. बटाटा, लीक, पाणी, मीठ. त्याच माणसांसाठी तेच सूप, मागच्यापेक्षा थोडे बरे. ज्यूलियाबाई हे आयुष्यभर करीत राहिल्या, आणि त्यांचा ग्रंथ टिकला तो त्यामुळे. पॉवेलबाईंचे आत्मकथन त्या तोडीचे नाही. पण एका थकलेल्या स्त्रीने उत्तम ग्रंथाचा हात धरून काढलेल्या एका वर्षाची ती खरीखुरी नोंद आहे. शिव्या आणि पाल्हाळ सोसून प्रौढ वाचकाने ती जरूर वाचावी, आणि शक्य झाल्यास मूळ ग्रंथातील एखादी कृती निवडून ती निदान पाच वेळा करून पाहावी.